विश्लेषण : जॉब अचूक धरण्याची विद्या घडवणारे जोसेफ क्लेमंट कोण होते? बॅबेज यांचे गणनयंत्र त्यांच्याच कारखान्यात का अडले?

कोल्हापूरच्या शिरोलीत असो वा पुण्याच्या भोसरीत, लेथवर काम करणारा टर्नर एक कृती दिवसभरात असंख्य वेळा करतो. जॉब चकमध्ये घालायचा, चावी फिरवून जबडे आवळायचे, आणि जॉब ट्रू फिरतो की नाही हे पाहायचे. ही तयारी चुकली तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात. धातू कापण्याआधी तो नीट धरता आला पाहिजे, हे आज आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवले जाते. दोनशे वर्षांपूर्वी मात्र हे शास्त्र आकार घेत होते. ते घडवणाऱ्या मोजक्या कारागिरांत इंग्लंडचे जोसेफ क्लेमंट यांचे नाव वरच्या रांगेत येते. लेथवरील जॉबला दोन्ही बाजूंनी सारखा रेटा देणाऱ्या चकसाठी १८२८ मध्ये त्यांना पदक मिळाले. चार्ल्स बॅबेज यांच्या प्रसिद्ध गणनयंत्राचे हजारो भागही त्यांच्याच कारखान्यात तयार झाले. पण ते यंत्र पूर्ण झाले नाही. त्या अपयशाच्या मुळाशी जे वाद होते, त्यातला एक प्रश्न आजही प्रत्येक व्हेंडरला पडतो : ग्राहकाच्या पैशातून बनलेली हत्यारे कुणाची?

जॉब धरण्याला इतके महत्त्व का?

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर राहून त्याला कापते. जॉब सैल असेल तर तो निसटतो. फार आवळला तर पातळ भाग दबतो आणि सोडल्यावर पुन्हा फुगतो, म्हणजे गोल कापलेला भाग गोल राहत नाही. मध्यापासून किंचित सरकला असेल तर एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी कापला जातो. यंत्र कितीही चांगले असले तरी यातली एकही चूक ते दुरुस्त करू शकत नाही.

म्हणून जॉब धरण्याची साधने वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी असतात. तीन जबड्यांच्या चकमध्ये आत एक सर्पिल आट्यांची तबकडी असते. चावी फिरवली की तिन्ही जबडे एकाच वेळी सारखे आत-बाहेर सरकतात आणि गोल जॉब आपोआप मध्यभागी येतो. चार जबड्यांच्या चकमध्ये प्रत्येक जबडा वेगळा सरकतो, त्यामुळे वेडावाकडा जॉबही धरता येतो. लांब दांडा असेल तर तो दोन टोकांना दोन सेंटरवर तोलून धरतात आणि कॅरिअर लावून फिरवतात.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यातले फारच थोडे तयार मिळत असे. अनेक कारखान्यांत टर्नर त्या-त्या जॉबच्या मापाचा लाकडी चक स्वतः कोरून घेत. जॉब बदलला की चकही नवा. एकसारखे शंभर भाग बनवणे म्हणजे शंभर वेळा नव्याने नशीब आजमावणे होते. त्याच काळात क्लेमंट या क्षेत्रात आले.

विणकराचा मुलगा यंत्रांकडे कसा वळला?

जोसेफचा जन्म १७७९ मध्ये उत्तर इंग्लंडमधील वेस्टमोरलंड परगण्यातील ग्रेट अ‍ॅस्बी या खेड्यात झाला. वडील हातमागावर कापड विणत. घरची परिस्थिती बेताची होती, पण वडिलांना निसर्गाच्या अभ्यासाची आवड होती. किडे-भुंगे गोळा करून ते त्यांचे निरीक्षण करत. घरात एक लेथही होता. मागासाठी लागणाऱ्या बॉबिन ते त्यावर कातत. मुलाने लेथ पहिल्यांदा पाहिला तो इथेच.

शाळेत लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण झाल्यावर जोसेफ मागावर बसला. पण यंत्रमागांमुळे हातमागाचा धंदा बसत चालला होता. मग त्याने घरे शाकारण्याचे काम धरले, पुढे छपरावर दगडी पाट्या बसवणारा कारागीर झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत त्याचे पोट याच कामावर चालले.

फावल्या वेळात मात्र तो गावच्या लोहाराच्या भात्यापाशी असे. घोड्यांना नाल ठोकण्यापासून लोखंड तापवून घडवण्यापर्यंतची कामे तो तिथेच शिकला. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका नातेवाइकाने यंत्रशास्त्राची पुस्तके वाचायला दिली. त्या बळावर जोसेफने स्वतःचा लेथ बनवला आणि त्यावर बासऱ्या, क्लॅरिनेट अशी वाद्ये कातली. वडिलांच्या अभ्यासासाठी सूक्ष्मदर्शक तयार केला. आरशाची दुर्बीणही बनवली. छपरावर काम करणाऱ्या या तरुणाच्या हातात काय आहे, हे तोवर गावाला कळून चुकले होते.

१८०५ मध्ये क्लेमंट यांनी गाव सोडले. जवळच्या कर्कबी स्टीफन येथे यंत्रमाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांना रोज साडेतीन शिलिंग मजुरी मिळू लागली. ज्या यंत्रांनी वडिलांचा धंदा मोडला, तीच यंत्रे आता मुलगा घडवत होता. पुढे कार्लाइल, तिथून ग्लासगो. ग्लासगोत पीटर निकल्सन यांच्याकडे ते यंत्रांचे आराखडे काढायला शिकले. त्यानंतर अ‍ॅबरडीन. तिथे यंत्रमागांची रचना आणि बांधणी करत असतानाच त्यांनी मारिशल कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या वर्गाला हजेरी लावली. तेव्हा त्यांचे वय तिशी ओलांडून गेले होते.

लंडनमध्ये जम कसा बसला?

१८१३ च्या अखेरीस साठवलेले सुमारे १०० पाउंड घेऊन ते लंडनला पोहोचले. पहिली नोकरी अलेक्झांडर गॅलोवे यांच्या कारखान्यात मिळाली, आठवड्याला एक गिनी पगारावर. तिथली हत्यारे इतकी सुमार होती की काम सुरू करण्याआधी क्लेमंट यांना स्वतःची हत्यारे बनवावी लागली. कौशल्याच्या मानाने पगार कमी आहे हे लक्षात येताच त्यांनी ती जागा सोडली.

पुढचा दरवाजा जोसेफ ब्रामा यांचा. न फोडता येणारे कुलूप आणि पाण्याच्या दाबावर चालणारा प्रेस यांसाठी ब्रामा प्रसिद्ध होते. त्यांनी १८१४ मध्ये क्लेमंट यांना मुख्य आरेखक आणि पर्यवेक्षक नेमले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रामा वारले. मग क्लेमंट हेन्री मॉडस्ले यांच्याकडे मुख्य आरेखक म्हणून गेले. मॉडस्ले यांचा कारखाना म्हणजे त्या काळचे अभियांत्रिकी विद्यापीठच. हत्यार हातात धरण्याऐवजी ते यंत्राच्या सरकत्या पकडीत बसवण्याची पद्धत, म्हणजे स्लाइड रेस्ट, मॉडस्ले यांनी रुळवली होती.

स्लाइड रेस्टने हत्यार पक्के धरले गेले होते. जॉब तितक्याच नेमकेपणाने धरण्याचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नव्हता. १८१७ मध्ये क्लेमंट यांनी लंडनच्या न्यूइंग्टन भागात स्वतःचा छोटा कारखाना काढला, आणि पुढची दहा-बारा वर्षे ते प्रामुख्याने याच दिशेने काम करत राहिले.

त्यांना पहिली मोठी दाद मिळाली ती आराखड्यांच्या साधनासाठी. लंबवर्तुळ अचूक काढणाऱ्या उपकरणाबद्दल सोसायटी ऑफ आर्ट्सने १८१८ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. १८२७ मध्ये सुधारित लेथसाठी आणखी एक सुवर्णपदक मिळाले. या लेथची खुबी वेगात होती. सपाट तबकडी कापताना हत्यार कडेकडून मध्याकडे सरकते, तसतसे त्याखालून जाणाऱ्या धातूचा वेग कमी होत जातो आणि काम असमान होते. क्लेमंट यांच्या लेथमध्ये हत्यार मध्याकडे जाईल तसे फिरण्याचे प्रमाण आपोआप वाढत असे. आजच्या सीएनसी लेथवर हेच काम प्रोग्रॅममधील जी ९६ या एका कोडने होते.

१८२८ च्या चकमध्ये नवे काय होते?

पुढच्याच वर्षी सोसायटीने त्यांना रौप्यपदक दिले, ते स्वतः जुळवून घेणाऱ्या दुहेरी ड्रायव्हरच्या सेंटर चकसाठी. नाव लांबलचक असले तरी मागची अडचण प्रत्येक टर्नरच्या ओळखीची आहे.

दोन सेंटरवर धरलेला दांडा फिरवायचा तर त्याला कुणीतरी ढकलावे लागते. त्यासाठी दांड्याच्या टोकाला कॅरिअर आवळतात आणि लेथबरोबर फिरणारी एक खुंटी त्या कॅरिअरला रेटते. पण हा रेटा एकाच बाजूने येतो. त्यामुळे दांडा फिरतोही आणि किंचित बाजूलाही ढकलला जातो. खुंटी वर असताना एका दिशेला, खाली असताना दुसऱ्या दिशेला. हे सरकणे डोळ्यांना दिसत नाही, पण कापलेल्या जॉबच्या गोलाईत उतरते.

यासाठी टॅप हँडलचे उदाहरण घेता येईल. हँडल एकाच हाताने एका टोकाला धरून फिरवले तर टॅप वाकडा जातो. दोन्ही हातांनी सारखा जोर लावला तर तो सरळ उतरतो. मग लेथवरही एकाऐवजी समोरासमोर दोन खुंट्या लावल्या की झाले, असे वाटेल. पण तसे होत नाही. दोन खुंट्यांपैकी एक केसभर जरी आधी टेकली, तरी सगळा भार तिच्यावरच येतो आणि दुसरी नुसती शोभेला राहते.

क्लेमंट यांनी इथेच उपाय शोधला. दोन्ही खुंट्या धरणारा भाग त्यांनी घट्ट न बसवता थोडा सरकता ठेवला. एक खुंटी आधी टेकली की तो भाग सरकतो आणि दुसरीही टेकते. मग दोन्हींवर सारखाच भार येतो. दोन बाजूंचे रेटे एकमेकांना तोलतात आणि जॉबला मिळते ते फक्त फिरणे. कारागिराने काही जुळवायचे नाही, साधन स्वतःच जुळवून घेते.

आजचा तीन जबड्यांचा चक इतर हातांनी घडवला. अमेरिकेत सायमन फेअरमन यांनी १८३० च्या सुमारास लेथ चकचे पेटंट घेतले आणि तिथून चक बनवण्याचा स्वतंत्र धंदा वाढला. पण पकड आपोआप जुळली पाहिजे, अचूकता कारागिराच्या अंदाजावर सोडता कामा नये, या विचारात क्लेमंट आघाडीवर होते.

एकाच यंत्राने रोज दहा पाउंड कसे मिळवले?

त्या काळी लोखंडाचा पृष्ठभाग सपाट करायचा म्हणजे छिन्नी-हातोड्याने तासायचा आणि मग कानस मारत बसायचे. मोठ्या भागाला कित्येक दिवस लागत. सुताराच्या रंध्यासारखे लोखंड तासणारे यंत्र, म्हणजे प्लेनिंग मशीन, इंग्लंडमध्ये त्या सुमारास चार-पाच जणांनी आपापल्या परीने बनवले. क्लेमंट यांनी पहिले १८२० च्या सुमारास, आणि मोठे १८२५ मध्ये.

या मोठ्या यंत्रावर सहा फूट लांब-रुंद भाग बसत असे. त्याचे टेबल रुळांवर इतके सुबक सरके की त्या अचूकतेची ख्याती लंडनभर होती. हत्यार जाताना आणि येताना, दोन्ही वेळा कापे. चौरस फुटाला १८ शिलिंग असा दर होता. बारा तास यंत्र चालले की सुमारे दहा पाउंड, रात्रपाळीही झाली की वीस. वीस शिलिंगांचा एक पाउंड हा हिशेब धरला, तर कर्कबी स्टीफनमध्ये रोज साडेतीन शिलिंग मिळवणाऱ्या माणसाचे यंत्र आता दिवसाला त्याच्या ५०-६० पट कमावत होते. इतक्या मोठ्या आकाराचे दुसरे यंत्र बरीच वर्षे उपलब्ध नव्हते, त्यामुळे कामाची रांग लागे.

बॅबेज यांना क्लेमंटच का लागले?

त्या काळी नौकानयन, खगोलशास्त्र, विमा यांसाठी गणिती कोष्टके छापलेली असत. ती माणसे हाताने काढत आणि त्यात चुका राहत. चुकीच्या कोष्टकावर भरवसा ठेवणे जहाजाला महाग पडू शकत होते. केम्ब्रिजचे गणिती चार्ल्स बॅबेज यांनी यावर यंत्राचा उपाय मांडला. गुणाकार-भागाकार टाळून फक्त पुन्हा पुन्हा बेरीज करत कोष्टक तयार करणारे हे यंत्र म्हणजे डिफरन्स इंजिन. १८२३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यासाठी १,५०० पाउंड मंजूर केले. दोन-तीन वर्षांत यंत्र तयार होईल, असा बॅबेज यांचा अंदाज होता.

आराखड्यानुसार यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते आणि अंदाजे वजन १५ टन. त्यातले शेकडो अंकचक्रे, दात्यांची चाके आणि दांडे हुबेहूब एकसारखे हवे होते. एकही चाक किंचित मोठे झाले, तर ते अडणार किंवा हातचा चुकवणार. एवढ्या मोठ्या संख्येने एकसारखे धातूचे भाग बनवण्याची पद्धतच तेव्हा रुळलेली नव्हती. प्रसिद्ध अभियंते मार्क ब्रुनेल यांच्या शिफारशीवरून बॅबेज क्लेमंट यांच्याकडे आले.

यानंतर क्लेमंट यांच्या कारखान्यात जे झाले, त्याचे महत्त्व यंत्रापेक्षा कमी नव्हते. प्रत्येक नव्या भागासाठी आधी तो बनवणारे साधन बनवावे लागे. चाके धरण्याची पकड, दाते पाडण्याची मांडणी, भाग तपासण्याची मापे. एकेका भागाचा खर्च यामुळेच वाढत गेला. कारखाना मोठा झाला, यंत्रे वाढली, आणि हाताखाली इंग्लंडमधील उत्तम कारागीर गोळा झाले. त्यात जोसेफ व्हिटवर्थ नावाचा एक तरुणही होता.

वाद कशावरून पेटला?

क्लेमंट यांचा स्वभाव रोखठोक होता. ग्रामीण वेस्टमोरलंडची बोली त्यांनी लंडनमध्येही सोडली नाही, आणि कामाचा दामही. सर्वोत्तम काम मागणाऱ्याला ते खरोखर सर्वोत्तम काम देत आणि तसे बिलही पाठवत. अमेरिकेतून आलेल्या एका मोठ्या स्क्रूच्या मागणीत शक्य तितका अचूक एवढेच लिहिलेले होते. बिल काहीशे पाउंडांचे निघाले, तेव्हा ग्राहक हबकला. प्रकरण लवादाकडे गेले आणि निकाल क्लेमंट यांच्या बाजूने लागला.

गणनयंत्राच्या बाबतीत गुंता अधिक होता. पैसा सरकारचा, मागणी बॅबेज यांची, काम क्लेमंट यांचे. क्लेमंट बिल देत, बॅबेज ते तपासून घेत, सरकारकडून रक्कम यायला उशीर होई, आणि मधल्या काळात बॅबेज पदरचे पैसे भरत. काम किती लांबेल आणि एकूण किती खर्च येईल, याचा लेखी करार नव्हता. १८२७ मध्ये बॅबेज यांचे वडील, पत्नी आणि मुलगा असे तिघे वर्षभरात गेले. खचलेले बॅबेज दीर्घकाळ युरोपात राहिले. परतल्यावर बिलांवरून खटके उडाले आणि १८२९ मध्ये काम थांबले. ते पुन्हा सुरू व्हायला बरेच महिने गेले.

१८३२ मध्ये क्लेमंट यांनी यंत्राचा सुमारे एक सप्तमांश भाग जोडून दिला. त्यात जवळपास २,००० भाग होते, आणि तो व्यवस्थित चालला. बॅबेज आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवत. धातूची चाके बिनचूक बेरीज करू शकतात, हे सिद्ध झाले होते.

तोवर सरकारने बॅबेज यांच्या घराजवळ आगीपासून सुरक्षित अशी नवी इमारत बांधून घेतली होती. काम तिथे हलवावे असे ठरले. क्लेमंट यांची अडचण अशी की त्यांचा बाकीचा धंदा जुन्या जागीच होता. दोन ठिकाणी कारखाना सांभाळण्यासाठी त्यांनी वर्षाला ६६० पाउंड मागितले. ती मागणी फेटाळली गेली. यापुढे सरकारी पैसे येईपर्यंत पदरचे पैसे भरणार नाही, असे बॅबेज यांनीही कळवले. १८३३ मध्ये क्लेमंट यांनी काम बंद केले आणि गणनयंत्रासाठी ठेवलेल्या कारागिरांना कमी केले.

हत्यारे कुणाची ठरली?

आता वाटणीचा प्रश्न आला. यंत्र आणि त्याचे आराखडे सरकारचे, यावर वाद नव्हता. ते १८३४ मध्ये ताब्यात मिळाले. पण ते भाग ज्या साधनांवर बनले, ती खास लेथ, चक, पकडी आणि मापे कुणाची? त्यांचा खर्च बिलांमधून, म्हणजे सार्वजनिक तिजोरीतून निघालेला होता.

इंग्लंडच्या यंत्रउद्योगातील रूढी अशी होती की कारागिराने बनवलेली हत्यारे कारागिराचीच, मग त्यासाठी पैसा कुणीही दिलेला असो. या रूढीप्रमाणे सगळी साधने क्लेमंट यांच्याकडे राहिली. बॅबेज यांना हा अन्याय वाटला. सरकारी पैशावर एका खासगी कारखान्याची भरभराट झाली आणि यंत्र मात्र अर्धवट राहिले, असे त्यांचे म्हणणे होते. क्लेमंट यांची बाजूही कमकुवत नव्हती. जगात कुणी न बनवलेले भाग बनवण्याची रीत त्यांनी शोधली होती. ती हत्यारे म्हणजे त्यांच्या हाताचे आणि डोक्याचे संचित होते, आणि बिले तपासणाऱ्या अभियंत्यांनी दर अवास्तव असल्याचा निर्वाळा दिलेला नव्हता.

या भांडणात कुणीच पूर्ण जिंकले नाही. साधनांशिवाय आराखडे दुसऱ्या कारखान्याला देणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होती. बॅबेज यांचे लक्षही तोवर अधिक महत्त्वाकांक्षी अशा अ‍ॅनालिटिकल इंजिनकडे वळले होते. १८४२ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारने डिफरन्स इंजिन अधिकृतपणे सोडून दिले. तोवर सरकारी तिजोरीतून १७,००० पाउंडांहून अधिक रक्कम गेली होती. तुलनाच करायची तर १८३१ मध्ये स्टीफन्सन यांच्या कारखान्यातून अमेरिकेला गेलेल्या जॉन बुल या वाफेच्या रेल्वे इंजिनाची किंमत ८०० पाउंडांच्या आत होती. गणनयंत्राचे तयार झालेले सुमारे १२,००० भाग पडून राहिले आणि त्यातले बहुतेक पुढे वितळवले गेले.

मग त्या पैशातून इंग्लंडला काय मिळाले?

गणनयंत्र मिळाले नाही, पण माणसे आणि पद्धती मिळाल्या. क्लेमंट यांच्याकडील आरेखक चार्ल्स जार्विस पुढे बॅबेज यांच्यासाठी काम करू लागले. जोसेफ व्हिटवर्थ १८३३ मध्ये मँचेस्टरला गेले आणि त्यांनी स्वतःचा कारखाना काढला.

क्लेमंट यांच्या कारखान्यात स्क्रूच्या आट्यांना शिस्त होती. कोणत्या जाडीच्या बोल्टला इंचाला किती आटे, हे त्यांनी ठरवून टाकले होते. त्यांचे टॅपही वेगळे. टॅपची दांडी आट्यांपेक्षा बारीक ठेवल्यामुळे आटे पाडून झाल्यावर टॅप उलटा फिरवत बाहेर काढावा लागत नसे, तो भोकातून आरपार खाली पडे. बाकीच्या इंग्लंडमध्ये मात्र प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. १८४१ मध्ये व्हिटवर्थ यांनी देशभरासाठी एकच प्रमाण मांडले, ५५ अंशांच्या आट्यांचे. ब्रिटिश रेल्वे, गोद्या आणि यंत्रांबरोबर ते भारतातही आले. जुन्या वर्कशॉपमध्ये बीएसडब्ल्यू म्हणून ओळखले जाणारे आटे हेच. त्यातला डब्ल्यू व्हिटवर्थ यांचा. व्हिटवर्थ यांना त्याचे श्रेय रास्तच मिळाले, पण एकसारखेपणाचा धडा त्यांनी ज्या ठिकाणी गिरवला, त्यात क्लेमंट यांचा कारखाना होता.

शेवट कसा झाला? आज काय उरले?

गणनयंत्राचे काम गेल्यावरही क्लेमंट यांचा धंदा बुडाला नाही. रेल्वेची वर्षे सुरू झाली होती आणि अचूक कामाला मागणी होती. उतारवयात त्यांनी तरुणपणच्या वाद्यांच्या छंदाकडे वळून एक ऑर्गन बांधायला घेतला. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. बॅबेज त्यांच्यानंतर २७ वर्षे जगले. त्यांनी आठवणी लिहिल्या, आपली बाजू मांडली. क्लेमंट यांनी तसे काही लिहून ठेवले नाही. त्यामुळे हा वाद इतिहासात दीर्घकाळ मुख्यतः एका बाजूनेच सांगितला गेला.

१८३२ मध्ये जोडलेला तुकडा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे आणि तो आजही चालू शकतो. बॅबेज यांच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९९१ मध्ये, याच संग्रहालयाने त्यांच्या नंतरच्या सोप्या आराखड्यावरून, डिफरन्स इंजिन क्रमांक दोन, पूर्ण आकारात बांधले. ते बरोबर गणित करते. ते बांधताना भाग मुद्दाम आजच्या सूक्ष्म अचूकतेचे न करता एकोणिसाव्या शतकात साधेल तितक्याच अचूकतेचे केले. ती मर्यादा ठरवताना क्लेमंट यांच्या कारखान्यातील मूळ भागांचा आधार झाला. यंत्र अडले ते त्या काळच्या कारागिरीला अचूकता जमत नव्हती म्हणून, हा समज त्यामुळे बराचसा मागे पडला. हात तयार होते. व्यवहार जमला नाही.

त्या व्यवहारातली चूक उद्योगांनी पुढे कागदावर दुरुस्त केली. आज एखादी वाहन कंपनी व्हेंडरला सुटे भाग बनवायला देते, तेव्हा डाय, जिग आणि फिक्श्चरचा खर्च कुणी करायचा, मालकी कुणाची आणि काम थांबले तर ती साधने कुणी उचलायची, हे ऑर्डरसोबतच लिहिले जाते. ज्या लघुउद्योजकांनी ते लिहून घेतलेले नसते, त्यांच्यापुढे काम तुटल्यावर १८३३ मधला तोच प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो.